लोखंडी नांगर, बारा हजारांची गाडी आणि शेंदुर्णीचं सायकल कोळपं



कपाशीत दुसरी कोळपणी चालू आहे. वापसा मिळाला तसं एकेक शेत उरकतोय. बैलजोडी आता गावात मोजक्या घरी राहिली, मजूर सकाळी दहाच्या आत बांधावर दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांच्या हातात सायकल कोळपं दिसतं. या कोळप्याची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि नव्या पोरांना ती माहीत नाही. ती लिहायला बसलो तर मागची बरीच आठवली. म्हणून आज पिकाची नोंद थोडी आणि यंत्राचा इतिहास जास्त.

सुरुवात आपल्या तालुक्यापासूनच करू. पाटणादेवीला आपण सगळेच जातो. तिथल्या पाटण गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची नोंद आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला तो मठ होता. ही गोष्ट १२०७ सालच्या आसपासची. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला, त्यात यंत्रांचा एक वेगळा अध्याय आहे. त्या अध्यायात एका चाकाचं वर्णन येतं. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याचे आरे पोकळ ठेवायचे, त्यात अर्धा अर्धा पारा भरायचा, तोंडं बंद करायची आणि चाक दोन खांबांवर टांगायचं, म्हणजे ते आपोआप फिरत राहील. त्याला स्वयंवह यंत्र म्हणत.

ते चाक फिरत राहत नाही. बाहेरून जोर दिल्याशिवाय कोणतंच यंत्र कायम चालत नाही, हे विज्ञानाने नंतर पक्कं केलं. पण एवढा मोठा गणिती आरे, पारा, खांब यांचा विचार करत बसला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, यंत्राचा नाद हा काही कमी शिकलेल्याचा रिकामा उद्योग नाही. दुसरी, डोक्यात फिरणारं चाक आणि खांबावर फिरणारं चाक वेगळं असतं. आजही मोबाईलवर 'विना डिझेल, विना लाईट पंप' असे व्हिडिओ फिरतात, आणि आपले लोक त्यापायी पैसे घालवतात. ती आठशे वर्षांपूर्वीचीच कल्पना आहे, फक्त पाऱ्याच्या जागी लोहचुंबक आला. त्यात पैसे घालू नका.

आता लोखंडी नांगराकडे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे काही इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले नव्हते. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तर रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि तेच शिकवायला लागले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकल विकता विकता, दुरुस्त करता करता त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला.

नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हतं. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर विकायला फार वाट बघावी लागली. पुढे औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनाजवळची माळरानाची जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मग तोच लोखंडी नांगर गावोगाव गेला. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्याकडे लाकडी आणि लोखंडी दोन्ही नांगर होते. लहानपणी मी लोखंडीच चालताना बघितला, लाकडी नांगर गोठ्याच्या माळ्यावर पडून असायचा.

आपल्या बापजाद्यांना हसायचं कारण नाही. त्यांची सगळी मिळकत म्हणजे ती जमीन. नवीन वस्तूने ती बिघडली तर दुसरी आणायची कुठून? संशय घेणं हा अडाणीपणा नव्हता, ती राखण होती. एकाच्या शेतात दोन वर्षं चाललं की मग दुसऱ्याने घ्यायचं. आजही नवीन बियाणं आपण असंच घेतो.

गाडीचं मात्र उलटं झालं. गाडीवर कोणी संशय घेतला नाही, सगळ्यांना ती पाहिजेच होती, पण मिळत नव्हती. १९५१ च्या कायद्यानंतर मोठा कारखाना काढायला सरकारचं लायसन लागायचं. देशात मोटारी करणाऱ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या. कलकत्त्याकडची अॅम्बेसेडर, मुंबईत कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. पैसे भरूनही वर्षानुवर्षं नंबर लागत नसे.

त्या काळात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःची मोटार केली. शिक्षण सातवीपर्यंत. १९४९ साली त्यांची पहिली दोन माणसांची छोटी गाडी तयार झाली. तिचं नाव मीरा. ते तिथे थांबले नाहीत. वीस-पंचवीस वर्षं एकामागून एक सुधारलेले नमुने करत राहिले. गाडीखाली नेहमीचे पाटे न घालता रबराचा वापर केला, म्हणजे वजन कमी आणि रस्ता खराब असला तरी दणके कमी. किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवायची, म्हणजे मास्तर, दुकानदार, बरा शेतकरी घेऊ शकेल, असा त्यांचा हिशोब होता.

मीरा रस्त्यावर चालली, लोकांनी बघितली, पण कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. एक गाडी हाताने करणं आणि हजार गाड्या सारख्या करणं यात मोठं अंतर असतं. त्याला भांडवल लागतं, परवाना लागतो, सरकारची साथ लागते. ते जुळलं नाही. पुढे सरकारी मारुती कंपनीने जपानच्या सुझुकीला सोबत घेतलं, आणि १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० गिऱ्हाईकाच्या हातात दिली. छोट्या कुटुंबाला छोटी गाडी, हा विचार इचलकरंजीत त्याच्या चौतीस वर्षं आधी चाकांवर उभा होता.

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गावात लग्नाला जीप यायची ती चाळीसगावहून भाड्याने. अॅम्बेसेडर आली म्हणजे साहेब नाहीतर पुढारी. आम्ही पोरं तिच्या धुळीवर बोटाने नाव लिहायचो आणि ड्रायव्हर अंगावर यायचा. एक म्हातारे बाबा गाडीभोवती फेरी मारून विचारायचे, "हाई काय शे रे भाऊ?" त्यांना पुढचं झाकण उघडून दाखवलं की तासभर बघत उभे राहायचे. गाडी कोणाची, केवढ्याची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. चालते कशी, हे विचारायचे.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने आपल्या पिढीला यंत्र शिकवलं. इंजिन बंद पडलं की फिटर यायला दोन दिवस. तोवर पीक थांबतं का? म्हणून नोझल काढायचं, साफ करायचं, डिझेलमधली हवा काढायची, पट्टा ताणायचा, हे प्रत्येक घरात एकाला तरी येत होतं. दहावी पास असो की अंगठाबहाद्दर, इंजिनाचा आवाज ऐकून काय दुखतंय ते सांगायचे. ती आमची आयटीआय.

आता शेंदुर्णी. जामनेर तालुक्यातलं हे गाव. तिथले छोटे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही आणि निंदणीला मजूर परवडत नाही, ही छोट्या शेतकऱ्याची अडचण. त्यांनी सायकलचं एक चाक आणि हँडल घेतलं आणि मागे कोळप्याची पास जोडली. एका माणसाने ढकलायचं, बैल नको, डिझेल नको. पास काढून दुसरं अवजार लावलं की काम बदलतं. त्याला कृषिराजा नाव दिलं. अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्याची दखल घेतली. ही संस्था २००० साली निघाली, ती अशाच शाळा-कॉलेजबाहेरच्या कारागिरांची नोंद ठेवते. आज बाजारात गेलात तर सायकल कोळपं कोणत्याही अवजाराच्या दुकानात मिळतं. घेणाऱ्याला शेंदुर्णीचं नाव माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नसतं.

याच्या पुढचं एक मोठं उदाहरण सगळ्यांनी बघितलं, ते २००८ साली टाटांची नॅनो आली तेव्हा. एक लाखाची गाडी. शंकररावांच्या मनातलं काम आता मोठ्या कंपनीने केलं, पैसा होता, परवाना होता, कारखाना होता. तरी २०१८ मध्ये ती बंद झाली. कारणं बरीच आहेत, पण एक कारण रतन टाटांनीच नंतर बोलून दाखवलं, की 'सर्वात स्वस्त गाडी' असा जो शिक्का बसला त्याने नुकसान केलं. आमच्याकडे मी हेच ऐकलं. "घ्यायची तर चांगली घेऊ, लोक काय म्हणतील?" ज्या माणसाला गाडी कशी चालते याची उत्सुकता होती, त्याच्या नातवाला गाडी दारात कशी दिसते याची काळजी लागली. एकोणीसशे सत्तर साली स्वस्त गाडीला सरकारने वाट दिली नाही. दोन हजार दहा साली आपण दिली नाही.

मग २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार गाजले. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या घरात. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी स्पष्ट सांगितलं, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली.

लोक म्हणाले, नशीब उघडलं. उघडलंच. पण मला त्यात दुसरंही दिसतं. ज्याने गाडी बनवली त्याला तयार गाडी मिळाली आणि त्याची गाडी बघण्याची वस्तू झाली. दुसरी जीप करायची वाट काही त्याला मिळाली नाही.

कायद्याचं म्हणणं खोटं नाही, हेही लिहायला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. मंजूर किट बसवायला वाट आहे, जसं गॅसचं किट किंवा बॅटरीवर गाडी करायचं किट, पण किटची आधी तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून झालेली पाहिजे. हे बरोबरच आहे. ब्रेक लागला नाही तर मरतो तो समोरचा, ज्याने ती गाडी केलेली नाही. शेतात जे चालतं ते मालेगाव रोडवर चालत नाही.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या घरातलं आहे. पुतण्याने जुन्या मोटारसायकलचं इंजिन घेऊन चारा आणि खताच्या गोण्या वाहणारी तीनचाकी केली. शेतात उत्तम चालते. वेल्डिंग त्याने स्वतः केलं, मागचा अक्सल भंगारातला. त्याला ती बाजारात न्यायची आहे, मी रस्त्यावर नेऊ देत नाही. दुसरीकडे त्याला चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात काम लागतंय. पगार महिन्याच्या महिन्याला, घरचे म्हणतात जा. तिथे तो दिवसभर एकच नट आवळेल. इथे त्याला अख्खी गाडी कळते, पण त्याचे पैसे कोणी देत नाही. अजून ठरलेलं नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, गेलास तर तिथे ब्रेक कसा तपासतात ते शिकून ये, आपल्या तीनचाकीला त्याचीच गरज आहे.

दुसरी काळजी आपल्या सगळ्यांची आहे. नवीन ट्रॅक्टर, नवीन गाड्या यांच्यात आता संगणक बसलाय. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, म्हणजे त्यात सेन्सर वाढले. धूर कमी झाला ते चांगलंच. पण दिवा लागला की पाना उपयोगाचा नाही, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पेरणी थांबते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, म्हणजे दुरुस्तीचा हक्क. त्यात शेतीची अवजारंही धरली आहेत. कंपनीने दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग गिऱ्हाईकाला उपलब्ध करावेत, असा त्याचा हेतू आहे. पुढचा ट्रॅक्टर घेताना डीलरला रंग आणि सबसिडी विचारण्याआधी हे विचारा: बिघाड झाला तर माझ्या गावचा फिटर हा उघडू शकेल का, आणि माहिती पुस्तक मराठीत मिळेल का?

एक काम सांगतो. तुमच्या गावात ज्याने पहिलं इंजिन उघडलं, ज्याने काही अवजार स्वतः जोडलं, त्याचं नाव, साल आणि त्या वस्तूचं माप वहीत लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा. किर्लोस्करांचा इतिहास कारखान्याने जपला. आपल्या लोहाराचा, फिटरचा कोणी जपणार नाही, आणि वस्तू भंगारात गेली की ओळखही जाते.

उद्या वापसा राहिला तर खालच्या वावरातली कोळपणी उरकेन, नंतर युरियाचा हप्ता.

राम राम.