गरीब शाळेचा संगणक

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की खानदेशातल्या श्रोत्यांच्या अपेक्षा मोठ्या असतात, आणि त्या असाव्यातच. इतिहासाचार्य राजवाडे ज्या गावी वारले आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून जेथे जुनी दप्तरे सांभाळीत बसले आहे, ते धुळे पिंपळनेराहून काही फार लांब नाही. सनदा, किल्ले आणि लढाया सोडून शाळेतल्या संगणकाचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली ती आमच्या नजरेतून सुटली नाही. हा इतिहास अवघा साठ वर्षांचा आहे, हे खरे. पण आपल्या मुलांचे बरेच काही त्यात अडकले आहे; आणि त्याची सुरुवात, आमच्या समजुतीप्रमाणे, पहिला संगणक शाळेत येण्याआधी पावणेदोनशे वर्षे, धुळीत झाली.

१७८९ च्या सुमारास मद्रासेस लष्करातील शिपायांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम निघाला. अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडचा पाद्री त्याचा व्यवस्थापक होता. एके दिवशी एका देशी शाळेवरून जाताना त्याला मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत असलेली दिसली. त्याने तीच रीत आपल्या आश्रमात आणली. तेथल्या मास्तरांना ती रुचली नाही. तेव्हा त्याने एका चुणचुणीत मुलालाच धाकट्यांना शिकवावयास बसविले. पुढे १७९७ साली बेलने लंडनास या प्रयोगाचे पुस्तक छापले, आणि गरिबांच्या शाळांतून वाळूचे तबक व मुलांनी मुलांना शिकविण्याची पद्धत इंग्लंडभर पसरली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी सर्वांना ठाऊकच होती. धुळाक्षरे हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे. त्या धुळीचे गुण काय होते, तेवढे ध्यानात ठेवावे. तिला पैसा लागत नसे. चूक झाली तर तळहाताने पुसता येई व कोणाला कळतही नसे. एका पाटीवर तीन-चार पोरे बसत. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचे स्वतःचे बोट त्या धुळीत असे.

आता संगणकाकडे येऊ. यंत्र म्हणजे नुसती पेटी. तिने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांची जी मालिका, तिला कार्यक्रम किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. मुलांसाठी म्हणून मुद्दाम घडविलेली अशा सूचनांची पहिली नामांकित भाषा म्हणजे १९६७ साली अमेरिकेत तयार झालेली लोगो. वॉली फोरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे कर्ते. पॅपर्ट जिनिव्हास बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे काम करून आलेले. पडद्यावर एक कासव. त्याला ‘शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ असे चार वेळा सांगितले की चौकोन उमटतो. चुकले तर कासव भलतीकडे जाते आणि मूल हसून पुन्हा सांगते. धुळीत बोट घालण्याचाच हा प्रकार. फक्त ती धूळ त्या काळी लाखो रुपयांची होती.

भारत सरकारने १९८४ साली शाळांत संगणक आणण्याची पहिली मोठी योजना काढली. आरंभी सुमारे अडीचशे शाळा निवडल्या आणि त्यांना केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने घडविलेली बी.बी.सी. मायक्रो ही यंत्रे दिली. अवघी ३२ किलोबाइट स्मरणशक्ती. आजच्या साध्या मोबाइलमधले एखादे छायाचित्रही तीत मावणार नाही. तरी यंत्र मोठे कणखर. अडचण दुसरीकडे होती. त्याबरोबरचे बरेचसे कार्यक्रम विलायतेत, तिथल्या अभ्यासक्रमावरून आणि अर्थातच इंग्रजीत घडलेले. पेटी आली, पण पेटीच्या आतले बोलणे आपले नव्हते. त्या काळच्या धोरणकर्त्यांना दोष देणे आज सोपे आहे. आम्ही तो देत नाही. देवनागरी पडद्यावर उमटविणे हेच तेव्हा एक संकट होते.

त्या संकटातून वाट कशी निघाली, ही हकीकत मराठी माणसाने जरा सावकाश ऐकावी अशी आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले, आणि १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर ते तेथे वाढले. अक्षरांच्या कळा कशा मांडाव्यात? टंकलेखन यंत्रात अक्षरांचे तुकडे कळांवर वाटलेले असत. अर्धा टाइप येथे, काना तिथे. नव्या इनस्क्रिप्ट मांडणीने शाळेतली बाराखडीच प्रमाण धरली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताशी, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताशी. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, ‘ग’ आणि ‘घ’ एका. महाप्राण हवा असेल तर दुसरी कळ जोडीने दाबावयाची. ज्या पोराने वर्णमाला म्हटली आहे, त्याला निम्मी मांडणी आधीच येते. आणि सर्व भारतीय लिप्यांना मांडणी एकच असल्यामुळे, मराठीत शिकलेल्या आपल्या नवापूरच्या मुलाला सीमेपलीकडची गुजराती लिहिण्यासाठी बोटांना पुन्हा शिकवावे लागत नाही. १९९१ साली या संकेतांना भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. आमच्या मते गेल्या अर्धशतकात मुलांच्या सोयीचे याहून स्वस्त काम झाले नसेल. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी टंकप्रकार विकणाऱ्यांनी आपापले निरनिराळे संकेत चालू ठेवले. एका यंत्रावर लिहिलेला धडा दुसऱ्यावर उघडला की त्याचे किडेमकोडे होत. युनिकोडचा प्रसार झाला तेव्हा कुठे ही कटकट कमी झाली.

दरम्यान दिल्लीत एक मजेचा प्रयोग झाला. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्र यांनी कालकाजी येथे आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून, पलीकडच्या झोपडवस्तीतील मुलांसाठी एक संगणक बसविला. शिकविणारा कोणी नाही. मुलांनी चारसहा दिवसांत यंत्र चालविले, यापेक्षा त्यांनी शब्द कसे घडविले ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणू लागली. यंत्र कामात गुंतले असता वाळूच्या घड्याळाचे चित्र दिसे. तसले घड्याळ त्यांनी कधी पाहिलेले नव्हते, शंकराचा डमरू पाहिलेला होता. त्यांनी त्याला ‘डमरू’ म्हटले. कार्यक्रम रचणाऱ्याने वाळूचे घड्याळ काढण्यापूर्वी त्या भिंतीपाशी एक तास घालविला असता तर!

२००५ साली निकोलस निग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरांत लॅपटॉप देण्याची घोषणा केली आणि जगभर वाहवा झाली. भारत सरकारने २००६ साली या योजनेस नकार दिला. तरीही २००७ साली भारतातला तिचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट येथील एकशिक्षकी शाळेत, विसेक मुलांपुरता झाला. उन्हात वाचता येईल असा पडदा, विजेची काटकसर, आणि ‘शुगर’ नावाची अगदी वेगळी रचना: फायली व कप्पे नाहीत, आज काय काय केले याची रोजनिशी यंत्र आपोआप ठेवी, शेजारच्या मुलाचे यंत्र पडद्यावर चित्ररूपाने दिसे. कल्पना सुरेख होती यात शंका नाही. परंतु शंभराचे जवळजवळ दुप्पट झाले. आणि पेरू देशात ३१९ खेड्यांच्या शाळा तपासून २०१२ साली जो अहवाल आला, त्यात मुलांच्या गणितात व भाषेत काही फरक आढळला नाही. प्रत्येक मुलाला एक यंत्र मिळाले, पण त्यावर गुरुजींनी रोज करावयाचे काय, हा प्रश्न उघडाच राहिला होता.

याच सुमारास दोन लहान प्रयोग आपल्या देशात झाले. त्यांचा गाजावाजा फारसा झाला नाही. पहिला बडोद्याचा. तिथल्या नगरपालिकेच्या शाळांना सरकारने प्रत्येकी चार संगणक दिलेले होते आणि ते बहुतेक झाकून ठेवलेले असत. मुंबईत १९९५ साली निघालेल्या प्रथम संस्थेने २००२ पासून त्यांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसविले. एका यंत्रापुढे दोघे, आठवड्यातून दोन तास. आणि खेळ असा की मुलाला जमेल तसा अवघड होत जाई. गणित लक्षणीय सुधारले. खेळ थांबल्यावर वर्षभरात त्यातले बरेच ओसरले, हेही त्याच अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे.

दुसरा प्रयोग बंगळूरचा. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन केंद्रातील उदय सिंग पवार, जोयोजीत पाल आणि केंटारो तोयामा हे खेड्यांतल्या शाळा पाहत हिंडले. त्यांना काय दिसले? एका संगणकाभोवती पाचसहा पोरे, आणि माउस एकाच्याच हातात. तो बहुधा धीट, नाहीतर वयाने मोठा. बाकीची मुले त्याच्या खांद्यावरून डोकावणार. मागे उभ्या असलेल्या मुलीला पडदाही दिसत नसे. नवी यंत्रे मागण्याऐवजी त्यांनी एकाच यंत्राला पाच माउस जोडले आणि प्रत्येकाला निराळ्या रंगाचा बाण दिला. माउस म्हणजे दोनशे-अडीचशे रुपयांची वस्तू. पुढे अकरा-बारा वर्षांच्या २३८ ग्रामीण मुलांवर इंग्रजी शब्द शिकविण्याची परीक्षा घेतली, तिचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला: एका यंत्रावर पाच जण बसून साधारण तेवढेच शब्द शिकले, जेवढे एकटा बसून एक मूल शिकते.

यातला खरा बोध मात्र पुढेच आहे. हा कार्यक्रम त्यांनी दोन तऱ्हांनी रचला होता. एका तऱ्हेत कोणीही एकाने बरोबर उत्तर दाबले की पुढचा प्रश्न येई. दुसरीत पाचही जणांनी बरोबर उत्तर दाबल्याशिवाय पान उलटत नसे. पहिल्यात शर्यत लागली; मुलगे वाचण्यापेक्षा दाबण्यात गुंतले आणि त्यांचे शिकणे घटले. दुसऱ्यात ज्याला येई तो न येणाऱ्याला सांगू लागला, कारण त्याच्याविना पुढे जाताच येत नव्हते. मुलींचे शिकणे दोन्हींत जवळपास सारखेच राहिले. यंत्र तेच, शब्द तेच, खर्च तोच. फरक सूचनांतल्या एका अटीचा. मद्रासच्या आश्रमात बेलने ज्या मुलाला धाकट्यांपुढे बसविले होते, तो येथे पुन्हा भेटतो. या वेळी त्याला व्यवस्थापकाने नव्हे, कार्यक्रमाच्या रचनेने बसविले.

आता आपल्या घरची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेतल्या, आपला हिस्सा घातला, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि गेल्या दशकात जिल्हा परिषदेच्या अकराशेंहून अधिक शाळांत पडदे व प्रोजेक्टर लागले. हंगामाच्या तोंडावर बी-बियाण्याचा पैसा बाजूला ठेवून शाळेला वर्गणी देणारा शेतकरी आम्ही पाहिला आहे. त्याच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु पडदा मोठा झाला तरी कळ दाबणारा हात एकच राहतो, आणि तो गुरुजींचा. चाळीस पोरे पाहतात. पाहणे वाईट नव्हे. पण ते धुळीत बोट घालणे नव्हे.

शिवाय साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोर शाळेतून उठते ते पाडाव संपेपर्यंत. त्याच्या वाट्याला संगणक आलाच तर तो बापाच्या खिशातल्या मोबाइलच्या रूपाने, आणि तिथे नेटची रेंज असेलच असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत ही गोष्ट सर्वांना दिसली. या मुलांना ती आधीपासून माहीत होती. एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालणारा, जुन्या फोनवरही न अडखळणारा कार्यक्रम, ही त्यांची साधी गरज आहे.

आणि भाषा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींच्या पुढ्यात कन्नड बोलणारी मुले होती. त्यांनी ती भाषा शिकून घेतली, धडे तीत उतरविले आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यांमागे आवाज व चित्रे ठेवली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो आपण सर्वांनी साजरा केला. आपल्याकडची मुले घरी अहिराणी बोलतात, डोंगराकडची कोकणी, भिली, मावची बोलतात. या बोलींत बोलणारा कार्यक्रम आम्हांस कोणत्याही शाळेत आढळला नाही. तो करणे फार अवघड आहे असेही नाही. जीकॉम्प्री नावाचा मुलांच्या खेळांचा संच ब्रूनो कूदाँ या फ्रेंच गृहस्थाने २००० साली सुरू केला. तो फुकट आहे, त्याची घडण खुली आहे, आणि त्यातले बोलण्याचे आवाज निरनिराळ्या फायलींत ठेवलेले आहेत. एक आवाज काढून दुसरा घालावयाचा, इतकेच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही डोंगरापायथ्याच्या एका शाळेत बसलो होतो. दुसरीच्या दोन मुली एका जुन्या संगणकापुढे होत्या. पडद्यामागून पुणेरी आवाज आला, “योग्य पर्याय निवडा.” दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आवाज पुन्हा तेच बोलला. गुरुजी खिडकीपाशी हजेरी भरीत होते, मान वर न करताच म्हणाले, “जे खरं शे, ते दाब.” मुलींनी लागोपाठ सात उत्तरे बरोबर दाबली. आम्ही गुरुजींना विचारले, हे एवढे वाक्य तुमच्या आवाजात त्यात घालता येईल का? ते म्हणाले, “घालता आलं असतं तर पहिल्याच दिवशी घातलं असतं. याला तसं दारच नाही ठेवलेलं.” आणि पुन्हा हजेरी भरू लागले.