अर्जाच्या बाजूने

‘अर्जविनंत्यांनी काही होत नाही’ हे मत आपल्याकडे इतकं रुजलं आहे की त्याला पुरावा द्यावा असंही कुणाला वाटत नाही. गावची पाण्याची टाकी गळते आहे, निवेदन देऊ या म्हटलं, की उत्तर तयार असतं : ‘देऊन बघा, जाईल केराच्या टोपलीत.’ हे उत्तर नुसत्या वैतागातून आलेलं नाही. त्यामागे इतिहासाचं एक ठरावीक वाचन आहे. मवाळांनी अर्ज केले, जहालांनी लढा दिला, आणि जे मिळालं ते लढ्याने मिळालं, असं आपण शाळेपासून शिकत आलो. अर्ज म्हणजे भिक्षा आणि मोर्चा म्हणजे पराक्रम, ही वाटणी तिथूनच मनात बसली. अनुभवाची समजूत आणि इतिहासाची समजूत अशा एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. मला दोन्ही चुकीच्या वाटतात, आणि इतिहासाची तर फारच.

पूर्वपक्षापाशी भक्कम दाखले आहेत, ते आधी मांडतो. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तपाहून अधिक काळ तिथे कंपनीच्या आणि पार्लमेंटच्या दारात उभे राहिले. त्या काळात प्रतापसिंह काशीला नजरकैदेत वारले, सातारचं राज्यही खालसा झालं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले आणि १८५७ च्या उठावाच्या तयारीला लागले. याहून करुण दाखला शोधून सापडणार नाही. अलीकडचा दाखला मुंबईच्या आरे वसाहतीचा. मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर नागरिकांनी ऐंशी हजारांच्या घरात हरकती नोंदवल्या. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. एवढ्या हरकती लिहिणाऱ्यांना ‘अर्ज करत राहा’ असं सांगायला जीभ रेटत नाही.

हे सगळं खरं आहे. तरी यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही.

इतिहासापासून सुरुवात करू. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून तिची कल्पना निघाली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण झाले. सभेचा एक नियम आजही थक्क करतो. सभासद व्हायचं असेल तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. ‘आमच्या वतीने बोलायला आम्ही या गृहस्थांना नेमलं आहे’ असं पन्नास जणांनी लिहून दिल्याशिवाय सभेत बसता येत नसे. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे अशी सहा हजारांच्या आसपास माणसं होती. देशात कुणाला मताचा अधिकार नाही, विधिमंडळात लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही, अशा काळात पुण्यातल्या काही मंडळींनी अर्ज करण्यासाठी प्रातिनिधिक संस्था उभी केली. ज्याला आपण याचना म्हणतो त्याची पूर्वअट होती लोकांचा लेखी हुकूम. भिक्षा मागायला मुखत्यारनामा लागत नाही.

मग १८७६ चा दुष्काळ आला. न्यायमूर्ती रानडे तेव्हा सभेच्या पाठीशी होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवून पिकं, गुरं, धान्याचे भाव, गाव सोडून गेलेली कुटुंबं यांची माहिती जमवली आणि सरकारला पत्रामागून पत्र पाठवलं. १८७७ च्या सुरुवातीला सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. सभेने ही मजुरी माणसाला जगवू शकत नाही असं सरकारला आकडे देऊन लिहिलं. इकडे हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. अर्ज आणि असहकार एकाच वेळी, एकाच प्रश्नावर चालू होते. ज्यांना आपण मवाळ म्हणून बाजूला ठेवतो, त्यांच्याच काळात.

पुढे दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे ‘फॅमिन कोड’, तयार झाली. ती सभेच्या पत्रांमुळेच आली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण लगेच पुढच्या दुष्काळात, १८९६ साली, काय घडलं ते पाहा. सभा आता टिळकांच्या ताब्यात होती. रानडे आणि गोखले यांनी वेगळी डेक्कन सभा काढली होती. जहालांच्या या अग्रणीने सभेची तीच जुनी यंत्रणा उचलली. फॅमिन कोडमधली कलमं मराठीतून छापून सभेची माणसं गावोगाव गेली. पीक बुडालं असेल तर सारा सुटीचा तुमचा हक्क आहे, काम मागाल तर सरकारने ते द्यायला हवं, हे शेतकऱ्याला सरकारच्याच कायद्याचा आधार देऊन सांगितलं आणि त्याच्याकडून मागण्या करवल्या. सरकारने काय केलं? १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा तिचा अधिकार आम्ही यापुढे मानत नाही, असं जाहीर केलं. ज्या अर्जांनी काही होत नव्हतं, ते घेणं थांबवण्याची पाळी सरकारवर का यावी, याचं उत्तर ‘मवाळांची भिक्षा’ म्हणणाऱ्यांनी द्यायला हवं.

सार्वजनिक सभेवरचा खरा गंभीर आक्षेप जहालांचा नाहीच. तो जोतीराव फुल्यांचा आहे. सभेच्या नावात ‘सार्वजनिक’ असलं तरी तिच्यात शेतकरी, माळी, महार कुठे आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. रयतेच्या दुष्काळाबद्दल सभेने लिहिलं, पण रयत स्वतः लिहीत नव्हती. मात्र या आक्षेपाचा रोख अर्जावर नव्हता, अर्ज कोण करतो यावर होता. आणि त्याचा पुरावा खुद्द जोतीरावांनी दिला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला आपलं निवेदन सादर केलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी होतो, तेव्हा बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी. कुणी ती ऐकली? त्या वेळी नाही. १९१२ मध्ये गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय विधिमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते करून दाखवलं. देशभराचा शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांचं निवेदन त्या दिवशी अयशस्वी होतं. पण शिक्षणाच्या हक्काबद्दल पुढे ज्यांनी ज्यांनी बोलायला सुरुवात केली, त्यांना १८८२ चा तो कागद हाताशी होता. मागणी एकदा नीट लिहिली गेली की ती फेटाळता येते, पण कुणी मागितलंच नव्हतं असं म्हणता येत नाही.

दुसरं उदाहरण याहून धीराचं आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि गव्हर्नरकडे अर्ज पाठवला. सैन्यात आणि पोलिसांत आमची भरती पुन्हा सुरू करा, खालच्या सरकारी नोकऱ्यांची दारं उघडा, ही मागणी. दाद लागली नाही. १९१० मध्ये त्यांनी तीच मागणी थेट लंडनला भारतमंत्र्यांपुढे नेली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध सरलं आणि १९२१ मध्ये ती मोडली. मागणी मात्र मोडली नाही. डॉ. आंबेडकरांनी ती पुढे चालवली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. युद्धाची निकड नसती तर हे झालं नसतं, हे मान्य. पण निकडीच्या घटकेला कुणाला बोलवायचं हा प्रश्न आला, तेव्हा एका समाजाचा दावा आधीपासून कागदावर होता. कांबळे ना मवाळ पुढारी होते, ना शिकल्यासवरल्यांच्या सभेतले वक्ते. ज्याच्या हाती मत नाही, पैसा नाही, ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, अशा समाजाने हे साधन निवडलं होतं. त्याला दुबळ्यांची याचना म्हणून हिणवण्याआधी थांबावं.

आता अनुभवाच्या समजुतीकडे वळू. ‘निवेदनं खूप झाली, आता रस्त्यावर उतरल्याशिवाय गत्यंतर नाही’ हे वाक्य आपण रोज वाचतो. रस्त्यावर उतरायला माझा मुळीच विरोध नाही. पण रस्त्यावरची लढाई संपते कुठे ते बघा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी चालत मुंबईला आले, पायांची कातडी सोललेली माणसं आझाद मैदानात पोचली. त्या पदयात्रेचा शेवट सरकारच्या लेखी आश्वासनाने झाला. वनहक्काचे दावे किती महिन्यांत निकाली काढायचे, हे त्यात लिहिलेलं होतं. ते पाळलं गेलं नाही म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये निघावं लागलं. हजारो माणसं चालली ती एका कागदासाठी, आणि पुन्हा चालली ती त्या कागदातल्या कलमांसाठी. आपल्याकडचं बहुतेक प्रत्येक उपोषण ‘लेखी आश्वासनानंतर मागे’ घेतलं जातं. मग कागद क्षुद्र आणि मोर्चा थोर, ही प्रतवारी कशी टिकते?

माजी सैनिकांच्या ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीचंही तसंच. जंतर-मंतरवरचं २०१५ चं आंदोलन सगळ्यांना आठवतं. पण त्याआधी, डिसेंबर २०११ मध्ये, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने हीच मागणी मान्य करावी असा अहवाल दिला होता, आणि ते प्रकरण समितीपुढे आलं होतं नागरिकांच्या अर्जावरून. संसदेच्या दोन्ही सभागृहांत अशा समित्या आहेत. आपल्या विधिमंडळातही ‘विनंती अर्ज समिती’ आहे. तिचं नाव किती पदवीधरांना ठाऊक असेल?

आणि आरे? तिथे अर्ज हरला, हे मी मान्य करतो. पण हरला तो हरकती निरर्थक असतात म्हणून नव्हे. सुनावणी हा उपचार आहे असं मानणाऱ्या यंत्रणेने त्या ऐकल्या नाहीत म्हणून. त्याच मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा लोकांनी नकाशे उघडून आपापल्या गल्ल्या तपासल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले सापडले, असलेल्या वास्तू नकाशावर नव्हत्या. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना तो मसुदा नव्याने करायचे आदेश द्यावे लागले. तिथे प्रत्येक हरकत एकेका ठिकाणाबद्दल होती, नाकारायची तर जागेवर जाऊन नाकारावी लागली असती.

अर्जात कायद्याचं बळ किती असू शकतं हे बघायचं असेल तर दारूबंदीची प्रक्रिया जवळून पाहावी. गावातलं परवानाधारक दुकान बंद व्हावं असं वाटत असेल, तर मतदार यादीतल्या किमान २५ टक्के महिलांनी सह्या करून अर्ज द्यायचा. उत्पादन शुल्क खात्याचे लोक येऊन सह्यांची पडताळणी करतात. बाईला समोर बसवून विचारतात, ही सही तुमचीच का. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली, आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई मतदानाला आली नाही तर तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पथ्यावर पडते. ही अट जाचक आहे आणि ती बदलायला हवी. तरीही अंगठा सोडून सही शिकलेल्या बायकांनी अनेक गावांत हे करून दाखवलं आहे.

मग आपल्या भोवतालचे बहुतेक अर्ज वाया का जातात? कारण ते अर्ज नसतात. तहसीलदारांच्या टेबलाभोवती दहा जण उभे, मध्ये कागद, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. मागणी काय होती हे त्या दहांतल्या सातांना सांगता येत नाही. कागदावर आवक क्रमांक नाही, पोच घेतलेली नाही, महिन्याने कुणी विचारायला जात नाही. दप्तर दिरंगाई रोखणारा कायदा महाराष्ट्रात २००५ मध्ये झाला. अधिकाऱ्याने सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपलीकडे फाईल आपल्याकडे अडवून ठेवू नये असं तो सांगतो. माहितीचा अधिकार त्याच वर्षी देशाला मिळाला. आपल्या अर्जाचं काय झालं हे विचारण्याची इतकी साधनं रानड्यांच्या हाती नव्हती. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ म्हणत थांबून राहणं हा सरकारपेक्षा आपलाच दोष अधिक आहे.

गांधीजींनी १८९४ मध्ये नाताळमधल्या हिंदी लोकांच्या मताधिकारासाठी दहा हजार सह्या जमवल्या, तेव्हा मजकूर पूर्ण समजावून दिल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सत्याग्रहाच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, आणि सत्याग्रहाला लागणारी माणसं अशा कामातूनच तयार होतात. म्हणून वाचकांना एवढंच सांगायचं आहे : पुढच्या वेळी कुणी निवेदनाचा कागद पुढे केला तर तो शेवटपर्यंत वाचा, पटला तरच सही करा, पोच घेतली का ते विचारा, आणि उत्तर आलं नाही तर ते मागायला स्वतः जा.