त्रेसष्ट आणि अरवत्तमूरु : औरादच्या वर्गातील स्थानमूल्य

अंकाची किंमत तो कोणत्या घरात बसला आहे यावर ठरते, हे स्थानमूल्याचे मूळ तत्त्व होय. ६३ मधील ६ म्हणजे सहा दशक, अर्थात साठ. मोठ्यांना सहज वाटणारी ही गोष्ट सहा-सात वर्षांच्या मुलाला कष्टाने आत्मसात करावी लागते. हे कष्ट किती पडतील, हे काही अंशी भाषेवरही अवलंबून असते. बिदर जिल्ह्यातील औराद तालुक्यात हा फरक स्पष्ट दिसतो.

दोन भाषा, दोन क्रम

हैदराबाद राज्यातील जुना बिदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी विभागला गेला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. परिणामी येथील अनेक मुलांच्या कानांवर घरी मराठी आणि शाळेत वा बाजारात कन्नड पडते.

कन्नडमध्ये ६३ ला ‘अरवत्तमूरु’ म्हणतात. आधी साठ, मग तीन. लिहिण्याचा क्रमही तोच. मराठीतील ‘त्रेसष्ट’मध्ये आधी तीन येतो, मग साठ, शिवाय दोन्ही शब्दांची रूपे बदललेली असतात. त्यामुळे ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ३६ लिहून मोकळे होते. २९ ला कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे वीस आणि नऊ. मराठीतील ‘एकोणतीस’ हा तिसात एक कमी असा वजाबाकीचा शब्द आहे. एकोणनव्वदपर्यंत चाललेला हा नियम नव्व्याण्णवला मोडतो. गोव्यातील मुलांनाही ही अडचण अपरिचित नाही. कोकणीतील ‘एकवीस’ही एककापासूनच सुरू होतो.

२०१९ चा वाद

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली. जोडाक्षरे टळावीत आणि लेखन व उच्चार यांचा क्रम जुळावा, हा त्यामागील हेतू होता. भाषेची हानी होईल, अशी टीका झाली आणि विषय विधिमंडळातही गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन करताना दक्षिणेकडील भाषांतील अशाच रचनेकडे लक्ष वेधले होते.

काड्या, जुड्या आणि हातचा

नाव कोणतेही असो, संख्या आधी हाताला कळावी लागते. दहा सुट्या काड्यांची एक जुडी बांधली की एक दशक होते. दहा जुड्यांचा गठ्ठा म्हणजे शतक. २८ आणि ३५ यांची बेरीज करताना आठ व पाच मिळून तेरा सुट्या काड्या होतात. त्यांतील दहांची नवी जुडी बांधून ती दशकाच्या घरात ठेवायची; हाच ‘हातचा’. ५२ मधून २७ वजा करताना एक जुडी सोडावी लागते. हे हाताने न करता नुसते घोकलेले मूल ‘हातचा एक’ म्हणते, पण तो एक प्रत्यक्षात दहा आहे, हे त्याला उमगत नाही.

दहाच का?

गट दहाचाच असावा, असा गणिताचा आग्रह नाही. केळी डझनाने मोजली जातात आणि दिवस सातांच्या आठवड्यांत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा होता. संगणकाचे काम दोन अंकांच्या द्विमान पद्धतीवर चालते. चौदा चिंचोके पाच-पाचांच्या गटांत मांडले तर दोन गट आणि चार सुटे उरतात. पाच हा पाया धरल्यास ती संख्या २४ अशी लिहिली जाईल. चिंचोके तितकेच राहिले, लेखन मात्र बदलले. असा एखादा खेळ खेळल्यावर दहाचा गट ही माणसाने केलेली सोय आहे, हे मुलांना समजू लागते.

औरादच्या मुलांना दोन भाषांचे ओझे होते, असे सहज म्हटले जाते. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून ‘अरवत्तमूरु’ व ‘त्रेसष्ट’ ही दोन्ही नावे उच्चारली, तर कन्नड शब्द मराठी शब्दाची गाठ उकलून दाखवतो. ‘त्रेसष्ट’ टिकवण्यासाठीही तो आधी उकलून दाखवावा लागेल.