एककर्णी बधिरतेतील ध्वनिदिशा चाचणी

एककर्णी बधिरतेतील ध्वनिदिशा चाचणी ही एका कानाने कमी किंवा अजिबात ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला आवाजाची दिशा कितपत अचूक ओळखता येते, हे मोजणारी श्रवणशास्त्रीय चाचणी आहे. नेहमीच्या श्रवणमापनात हेडफोन लावून प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासतात. त्यामुळे दोन्ही कान मिळून जे काम करतात ते त्या आलेखात दिसत नाही.

पार्श्वभूमी

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो. हा कालभेद फार तर ०.७ मिलिसेकंद असतो; तरीही सुमारे १,५०० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या आवाजांसाठी मेंदू मुख्यतः त्यावरच विसंबतो. अधिक वारंवारतेचे आवाज डोक्यामुळे अडतात व दूरच्या कानाशी क्षीण होतात. या दोन आधारांची मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली. एक कान निकामी झाल्यास दोन्ही आधार नाहीसे होतात. उरतात ते चांगल्या कानाच्या पाळीच्या वळणांमुळे आवाजात होणारे सूक्ष्म बदल. काही व्यक्ती त्यांचा उपयोग करण्यास शिकतात. मात्र हे बदल केवळ उच्च वारंवारतेच्या आवाजांतच जाणवतात.

कार्यपद्धती

प्रतिध्वनी कमी असलेल्या खोलीत कानाच्या उंचीवर अर्धवर्तुळात लाउडस्पीकर मांडले जातात. डोके स्थिर ठेवून, आवाज कोणत्या लाउडस्पीकरमधून आला हे व्यक्ती सांगते. मान वळवण्यास अवधी मिळू नये म्हणून आवाज अत्यंत अल्पकाळ वाजवतात. खरी दिशा व सांगितलेली दिशा यांतील अंतर अंशांत मोजून त्याची सरासरी काढली जाते.

आवाजाची पातळी सतत बदलती ठेवणे हा या चाचणीचा कळीचा भाग होय. पातळी एकच राहिल्यास ‘मोठा आवाज चांगल्या कानाकडून, बारीक आवाज बधिर कानाकडून’ असा अंदाज बांधून व्यक्ती बरेच गुण मिळवू शकते. त्यात दिशाज्ञान नसते. रुग्णाच्या मागे टाळी वाजवून केलेली तपासणी याच कारणाने फारशी विश्वसनीय ठरत नाही.

उपचारांचे मूल्यमापन

बधिर बाजूचा आवाज चांगल्या कानात पोहोचवणाऱ्या श्रवणयंत्राने त्या बाजूचे बोलणे ऐकू येते, परंतु दोन्ही बाजूंचे आवाज एकाच कानात मिसळत असल्याने दिशाज्ञान परत येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटने ते काही अंशी सुधारते, तेही मुख्यतः तीव्रतेतील फरकावरून. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एककर्णी बधिरतेसाठी त्यास २०१९ मध्ये मान्यता दिली.

व्यावहारिक महत्त्व

रायगड जिल्ह्यातील धरमतर खाडीतून मालवाहू बार्जांची ये-जा असते. सागरी टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचव्या नियमानुसार, जलयानावर नजरेबरोबरच कानानेही पहारा ठेवावा लागतो. धुक्यातील भोंग्यांची मूळ वारंवारता, जहाजाच्या लांबीनुसार, ७० ते ७०० हर्ट्झ ठरलेली आहे. म्हणजे येथे भिस्त कालभेदावरच असते आणि एका कानाने ऐकणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. मान वळवूनही फारसे साधत नाही, कारण असे आवाज डोक्याला वळसा घालून जातात. म्हणून चाचणीत कमी व अधिक वारंवारतेचे आवाज वेगवेगळे तपासणे आवश्यक ठरते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांतील किमान ६० डेसिबल ऱ्हासावर आधारलेली आहे. एक कान पूर्ण निकामी व दुसरा निरोगी असलेली व्यक्ती या व्याख्येत बसत नाही. दिशाज्ञानाचा त्यात उल्लेख नाही.