हेल्सिंकी–टॅलिन सागरी पर्यटन

फिनलंड व एस्टोनिया या शेजारी देशांच्या राजधान्यांमध्ये फिनलंडच्या आखातातून चालणारा अल्पमुदतीचा पर्यटन-प्रवास. दोन्ही शहरांतील अंतर सु. ८० किमी. असून आधुनिक प्रवासी जहाज ते दोन ते अडीच तासांत कापते. सकाळी निघून रात्री परतणे किंवा एक-दोन दिवसांचा मुक्काम करणे, अशी या सहलींची सर्वसाधारण पद्धत आहे. तथापि हा प्रवास कधी सुलभ, तर कधी जवळजवळ अशक्य झाला, तो आखातामुळे नव्हे. त्यावरून गेलेल्या राजकीय सीमेमुळे.

दोन्ही शहरांचा संबंध स्पर्धेतून जुळला. डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार याने १२१९ मध्ये जिंकलेले टॅलिन (जुने नाव रेव्हाल) पुढे हॅन्सिॲटिक संघातील भरभराटीचे बंदर बनले. त्याच्या व्यापाराला शह देण्यासाठी स्वीडनचा राजा गस्टाव्ह व्हासा याने १५५० मध्ये समोरच्या किनाऱ्यावर हेल्सिंकी वसविले. हा हेतू फारसा साधला नाही; १६४० मध्ये शहराची जागाही बदलावी लागली. पुढे फिनलंड रशियाच्या अमलाखाली आल्यावर १८१२ मध्ये हेल्सिंकीस राजधानीचा दर्जा मिळाला. तेथील सेनेट चौक व कॅथीड्रल यांचा कर्ता, जर्मन वास्तुशिल्पज्ञ कार्ल लूटव्हिख एंगेल हा त्यापूर्वी टॅलिनचा नगर-वास्तुशिल्पज्ञ होता. एकाच सहलीत मध्ययुगीन तटबंदी आणि एकोणिसाव्या शतकातील आखीव नवअभिजात चौक पाहावयास मिळतात, ते या भिन्न जन्मकथांमुळे.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही शहरे रशियन साम्राज्यात असल्याने मध्ये परराष्ट्राची सीमा नव्हती. १८३० च्या दशकात बाष्पनौका सुरू झाल्या आणि सेंट पीटर्झबर्गची धनिक मंडळी समुद्रस्नानासाठी दोन्हीकडे येऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही देश स्वतंत्र झाले. फिनलंडमधील दारूबंदीच्या काळात (१९१९–३२) पर्यटकांखेरीज चोरट्या मद्याचीही याच पाण्यातून मोठी ये-जा होई. १४ जून १९४० रोजी टॅलिनहून हेल्सिंकीस निघालेले ‘कालेव्हा’ हे प्रवासी विमान सोव्हिएट विमानांनी पाडले; त्यातील नऊही जण ठार झाले. काही दिवसांतच एस्टोनिया सोव्हिएट सैन्याच्या ताब्यात गेला.

त्यानंतर सु. पाव शतक नियमित प्रवासी वाहतूक बंद राहिली. एस्टोनियाचा किनारा सीमाक्षेत्र ठरला व तेथे रहिवाशांच्या वावरावर कडक पहारा बसला. फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष उऱ्हो केक्कोनेन यांनी १९६४ मध्ये एस्टोनियास भेट देऊन टार्टू विद्यापीठात एस्टोनियन भाषेत भाषण केले. पुढील वर्षी, १९६५ मध्ये, ‘व्हानेमुइने’ या जहाजाने मार्ग पुन्हा खुला झाला. तो एकतर्फीच होता: फिनी नागरिकास व्हिसा काढून टॅलिनला जाता येई, एस्टोनियन नागरिकास बाहेर पडण्याची परवानगी क्वचितच मिळे. १९७२ मध्ये फिनी कंपनीने बांधलेले व्हिरू हॉटेल सुरू झाले. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर सोव्हिएट गुप्तहेर संघटनेचे (केजीबी) संदेशकेंद्र होते. उद्वाहकात त्या मजल्याचे बटणच नव्हते. १९८० च्या ऑलिंपिक नौकास्पर्धा टॅलिनला झाल्या, त्याच वर्षी या मार्गावर ‘गेऑर्ग ओट्स’ हे मोठे जहाज आले.

स्वस्त मद्यासाठी येणारा प्रवासी म्हणून या काळातील फिनी पर्यटकाची टर उडविली जाते. ती निराधार नाही, पण अपुरी आहे. त्याच्या सामानातून आलेली कॉफी, लांब मोजे व जीन्स यांना टॅलिनमध्ये मोल होते. त्याच्याशी बोलता येई, कारण दोन्ही भाषा एकाच कुलातील असून, उत्तर एस्टोनियातील अनेकजण फिनी दूरचित्रवाणी पाहून त्याची भाषा शिकले होते. दोन्ही राष्ट्रगीतांची चाल एकच, फ्रेड्रिक पासिउस याने रचलेली. एस्टोनियाच्या राष्ट्रगीतावर बंदी असताना ती चाल फिनी प्रसारणाच्या अखेरीस रोज ऐकू येई.

ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनियाचे स्वातंत्र्य पुनःस्थापित झाले आणि प्रवास दुतर्फी झाला. टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेले ‘एस्टोनिया’ हे जहाज २८ सप्टेंबर १९९४ रोजी बुडून ८५२ लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वाहनवाहू प्रवासी जहाजांचे सुरक्षानियम कडक करण्यात आले. टॅलिनचे जुने शहर १९९७ मध्ये जागतिक वारसास्थान ठरले. हेल्सिंकीजवळील सुओमेनलिन्ना सागरदुर्गास हा मान १९९१ मध्येच मिळाला होता. डिसेंबर २००७ मध्ये एस्टोनिया शेंगेन क्षेत्रात आल्याने सीमेवरील नित्याची पारपत्र-तपासणी थांबली, तर २०११ पासून दोन्हीकडे यूरो हेच चलन आहे. २०२० च्या महासाथीपूर्वी या मार्गावर वर्षाला ८० लाखांहून अधिक प्रवासी असत. मार्च २०२० मध्ये प्रवासी-वाहतूक रोखली गेली, तेव्हा फिनलंडमध्ये काम करून सुटीला घरी जाणाऱ्या एस्टोनियन कामगारांची ताटातूट झाली.

भारतीय प्रवाशास दोन्ही देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा पुरतो. तरी पारपत्र जवळ बाळगणे आवश्यक असते. डिसेंबरात दिवस सु. सहा तासांचाच असल्याने एका दिवसाची सहल उन्हाळ्यातच सोयीची ठरते. टॅलिनचे जुने शहर बंदरापासून पायी गाठता येते. सुओमेनलिन्नास हेल्सिंकीच्या बाजारचौकातून नौका जातात व तेथे सु. पंधरा मिनिटांत पोहोचता येते.