पूर्वरंग आणि पडदा

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिल्यात, म्हणजे पूर्वरंगात, कीर्तनकार एखादे संतवचन घेऊन त्याचे तात्त्विक निरूपण करतो. दुसऱ्यात, म्हणजे उत्तररंगात, तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून, गात-नाचत आणि नकला करत श्रोत्यांपुढे उभे करतो. महाराष्ट्रात तत्त्वज्ञान आणि चित्रपट यांचे नाते शोधायचे असेल, तर ते या दुभागणीपासून शोधावे लागते. युरोपात तत्त्वज्ञ चित्रपटाकडे गेले. आंरी बर्गसाँ याने १९०७ मध्ये मानवी बुद्धीला चलच्चित्रयंत्राची उपमा दिली, कारण अखंड वाहणाऱ्या काळाचे बुद्धी स्थिर तुकडे पाडते आणि ते पुन्हा ओवून गतीचा भास निर्माण करते. तर १९८३ आणि १९८५ मध्ये चित्रपटावर दोन ग्रंथ लिहिणाऱ्या झील दलझ याने बर्गसाँचाच आधार घेऊन ती उपमा उलटवली आणि चित्रपट स्वतःच विचार करतो, असे प्रतिपादन केले. मराठी मुलखात असा कोणी तत्त्वज्ञ पुढे सरसावला नाही. तेथे कीर्तनाचा श्रोताच प्रेक्षक होऊन पडद्यापुढे येऊन बसला.

हा श्रोता कोण होता, हे समजण्यास पनवेलसारख्या गावाचा इतिहास उपयोगी पडतो. मुंबईहून गलबताने पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि तेथून बोरघाट चढून पुणे गाठायचे, हा जुना प्रवास होता; १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाल्यावर ही वर्दळ वाढली आणि १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली. पुढे १८६३ मध्ये लोहमार्ग कल्याण-कर्जतकडून घाट चढून गेला आणि पनवेलचे महत्त्व ओसरले. भारतीय चित्रपटाचा जन्म झाला तो मुंबईत. १९३३ मध्ये कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी आली ती पुण्यात. या दोन शहरांच्या मधोमध असूनही पनवेलच्या वाट्याला चित्रनिर्मिती आली नाही. परंतु ज्यांना हरिश्चंद्राची, एकनाथांची आणि तुकारामांची कथा देवळातल्या कीर्तनात ऐकून आधीच पाठ होती, असे प्रेक्षक अशाच गावांत होते. कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला पुढे काय घडणार याचे कुतूहल नसते. ते कसे दाखवले जाते, याचेच असते, आणि चित्रपटातला विचार नेमका तेथे सुरू होतो.

दादासाहेब फाळके यांना ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना श्रीकृष्ण आठवला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चा विषय सत्य हा होता, आणि तो सांगण्याचे साधन मात्र दृष्टिभ्रमाचे होते. फाळके जादूचे प्रयोग करण्यात तरबेज होते, हे येथे ध्यानात घ्यावे. कीर्तनकार चमत्कार शब्दांनी सांगतो, त्यामुळे तो रूपक म्हणूनही घेता येतो. कॅमेरा तो डोळ्यांना दाखवतो, म्हणजे एकाच वेळी पुरावाही देतो आणि फसवणूकही करतो. वेदान्तात ज्याला माया म्हणतात, म्हणजे नसलेले असल्यासारखे भासवणारी शक्ती, तिचा हा यांत्रिक नमुनाच होता.

प्रभातने हा पेच सर्वांत समर्थपणे हाताळला. बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन व्ही. शांतारामांनी काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरमुळे बदलून १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ करावे लागले. एकनाथांच्या समतेचा अर्थ सरकारला चालू राजकारणात लागत होता, याची ही पावतीच म्हणता येईल. त्यापुढचे पाऊल दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने टाकले. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम निरूपण करत नाही. तो गातो, आणि त्याची बायको जिजाई त्याच्याशी भांडते. मूल आजारी पडल्यावर पायातले पायताण घेऊन विठोबाच्या देवळावर चाल करून जाणारी ही जिजाई चित्रपटाचा खरा पूर्वपक्ष आहे. शास्त्रार्थात ज्या मताचे खंडन करायचे ते आधी पूर्ण ताकदीने मांडतात, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. येथे तो भुकेच्या आणि घरसंसाराच्या भाषेत मांडला गेला आहे, आणि चित्रपट त्याचे खंडन करण्याची घाई करत नाही. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटाला सत्यजित राय यांच्या ‘देवी’शेजारी ठेवून साक्षात्कार आणि संशय यांचा विचार केला, तो याच जागेवरून. मुंबईत ५७ आठवडे चाललेल्या आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवल्या गेलेल्या या चित्रपटाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तातून एकातून अनेक कसे होते हे सांगणारे त्यातले गीत शांताराम आठवले यांनी लिहिले होते, पण ते तुकारामांचाच अभंग समजून जाणकारही गाथेत शोधू लागले. चित्रपटाने तत्त्वज्ञान नुसते उसने घेतले नव्हते, त्यात भरही घातली होती. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये हा तोल राहिला नाही: भिंत चालली, रेडा बोलला, पण ज्ञानेश्वरीचा विचार मागे पडला.

प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे शिकलेल्या दिग्दर्शक कुमार शहानींवर चित्रपटकार ऋत्विक घटक यांच्याइतकाच पुण्यातील गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा प्रभाव पडला, आणि कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात केलेली उर्वशी-पुरूरवा आख्यानाची चिकित्सा शहानींच्या १९८४ च्या ‘तरंग’ या चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर उतरली. हा पूर्वरंग कसदार होता, पण त्याला श्रोते मिळाले नाहीत. प्रभातच्या चित्रपटांना जसा देवळातून आलेला समाज लाभला, तसा शहानींच्या चित्रपटाला लाभला नाही.

पनवेलजवळच्या शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके हे या परंपरेतील अजून न सुटलेले आख्यान आहे. दत्तभक्ती, दुष्काळात मरणाऱ्या रयतेविषयीचा कळवळा आणि स्वराज्यासाठी घातलेले दरोडे हे सारे एकाच माणसाच्या मनात कसे नांदले, हा साधन आणि साध्य यांचा शुद्ध नीतिशास्त्रीय प्रश्न आहे, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले आत्मवृत्तच खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. त्यांच्यावर गजेंद्र अहिरे यांनी २००७ मध्ये चित्रपट केला, त्यात अजिंक्य देव यांनी नायकाची भूमिका केली. फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. पनवेल महानगरपालिकेच्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे.