हिर्डोशी खोरे: जासुदापासून रेंजपर्यंत

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाकडेने हिर्डोशीला येतो आणि पुढे वरंधा घाटाला लागतो. दोन्ही अंगांना सह्याद्रीच्या रांगा, मधे नीरेचे अरुंद खोरे आणि उतारांवर विखुरलेल्या वाड्या. इथल्या संदेशवहनाच्या प्रत्येक टप्प्यावर या डोंगरांनी आपली अट घातली आहे.

हा जुना हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा मुलूख. त्यांच्याकडचे बाजीप्रभू देशपांडे जुलै 1660 मध्ये, शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचल्याची खूण असलेल्या तोफांच्या आवाजाची वाट पाहत घोडखिंडीत लढले, असे परंपरा सांगते. डोंगराआडचे दिसत नाही, पण ऐकू येते. म्हणून इशारत तोफेची. एरवी बातमी जासुदाच्या, म्हणजे निरोप्याच्या, पायांनीच पोहोचायची.

इंग्रजी अमलात 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि पुढच्या वर्षी मनीऑर्डर. मुंबईला पोटासाठी गेलेल्या माणसाची खुशाली आणि पैसे दारात येऊ लागले. पावसाळ्यात चार दिवस उशीर झाला तरी त्या पत्राचे मोल कमी होत नसे.

टेलिफोन मुंबईत 1882 मध्ये आला, पण खेड्यांपर्यंत यायला त्याला शंभर वर्षे लागली. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने धूळ आणि उष्णता सोसणारे, वातानुकूलन न लागणारे 128 लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. त्यातले पहिले 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. त्यानंतर देशभर पिवळ्या पाटीचे पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोन, झाले. दुकानात फोन यायचा, कुणीतरी वाडीवर निरोप घेऊन धावायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन यायचा. जासूद अजून पुरता संपला नव्हता.

मोबाइलने ही धावपळ थांबवली, पण त्याच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात आणि डोंगराच्या आड त्यांची सावली पडते. दोन घरांपैकी एकात रेंज मिळते, दुसऱ्यात नाही. अशा खोऱ्यांत कोणत्या बांधावर उभे राहिले की बोलणे होते, हे लहान मुलांनाही ठाऊक असते.

मार्च 2020 मधल्या टाळेबंदीने फोनकडून असलेली अपेक्षाच बदलली. पुण्या-मुंबईची माणसे लॅपटॉप घेऊन गावी आली. कॉल सेंटरसारख्या सेवांना घरून काम करू देण्यासाठी दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात नियम शिथिल केले आणि 5 नोव्हेंबर 2020 रोजी ती मोकळीक कायम केली. कागदावर हिर्डोशीतूनही नोकरी करता येऊ लागली. मात्र 2004 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या 256 केबीपीएस आणि 2023 मध्ये 2 एमबीपीएस ठरली, ती दोन्ही वेळा डाउनलोडच्या, म्हणजे घरात येणाऱ्या वेगावर. घरून काम करणाऱ्याचा आवाज, चित्र आणि फाइल बाहेर जावी लागते. त्यामुळे दूरसंचार कंपन्यांनी अपलोडचा वेग, तोही संध्याकाळच्या गर्दीतला, हमीने सांगायला हवा.

दुसरी गरज अखंडपणाची. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि बॅटरी उतरली की सारे खोरे मुके होते. वरंधा घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, वाहतूक बंद ठेवावी लागते; तेव्हा दुरुस्तीची गाडीही अडकते. पावसाआधी बॅटऱ्या बदलणे आणि डिझेलचा साठा करणे ही कामे साधी आहेत आणि सर्वांत उपयोगी तीच आहेत. टॉवरला जोडणाऱ्या केबलचे दुखणे वेगळे. ती एकाच बाजूने आली असेल, तर जेसीबीच्या एका फटक्याने तुटते. भोर आणि महाड अशा दोन्ही टोकांना जोडलेली केबल एकीकडे तुटली तरी दुसरीकडून चालू राहते. घाटातून तिला नेणे महाग पडते. अशा खर्चासाठीच 2002 मध्ये सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला.

ऑक्टोबर 2024 पासून लागू असलेल्या, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांत 24 तासांहून जास्त सेवा बंद राहिल्यास भरपाईची तरतूद आहे. ती जिल्हा हे एकक धरून आहे. पुणे जिल्ह्याच्या मापात नीरेच्या उगमाकडच्या वाड्या दिसतच नाहीत. त्याच नियमांनी कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले. हे नकाशे वाडीनिहाय तपासले आणि भरपाईही टॉवरनिहाय मोजली, तर गावी राहून नोकरी करायची की नाही, हे घर बांधण्याआधी ठरवता येईल.